उतरवायची तारीख

मुंबईत घर बघायला गेलं की कुटुंबात लगेच दोन तट पडतात. पुरुष खिडकीपाशी जातात आणि समोरची इमारत किती लांब आहे ते बघतात. बायका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहतात आणि मान वर करतात. एजंट बिचारा स्टेशन, शाळा, मेट्रो, बाजार अशी अंतरं मिनिटांत सांगत असतो. त्यातलं एकही मिनिट आमच्या आईच्या कानावर पडत नाही. ‘माळा किती खोल आहे?’ या एका प्रश्नावर तिने मालाड-कांदिवलीतली चांगली हवेशीर घरं नापास केली आहेत. शेवटी जे घर घेतलं, त्यात सूर्यप्रकाश शेजाऱ्यांच्या परवानगीने येतो, पण माळा स्वयंपाकघरावर आहे, न्हाणीघरावर आहे आणि दोन्ही खोल्यांच्या मधल्या बोळावरही आहे. आई त्या घरात पहिल्या दिवशी शिरली ती वर बघतच.

माळ्याचं महत्त्व सरकारनेही ओळखलेलं आहे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत त्याची रीतसर व्याख्या आहे: दोन मजल्यांच्या मधला, साठवणीसाठी केलेला आणि उंचीला फार तर दीड मीटर असलेला भाग. हे दीड मीटर कुठून आलं असेल याचा मी विचार केला आहे. त्याहून उंच ठेवला असता तर मुंबईकराने तिथे भाडेकरू ठेवला असता. नियम करणाऱ्याने आपल्याला बरोबर ओळखलं होतं.

तर माळ्यावर जागा किती, ही चौकशी सगळेच करतात. माळ्यावर वजन किती चालेल, ही चौकशी करणारा मात्र मला उभ्या आयुष्यात एकच माणूस भेटला. तो माझा मामा. राहणार मनोरी.

मनोरी मुंबईतच आहे, हे मुंबईतल्या माणसांना दर वेळी पटवून द्यावं लागतं. मालाड स्टेशनवरून २७२ नंबरची बस पकडायची, मार्वेला उतरायचं आणि फेरीबोटीने खाडी ओलांडायची. पलीकडे मनोरी. बोटीत माणसं असतात, मोटारसायकली असतात, भाजीच्या गोण्या असतात आणि माशांच्या रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या बायका असतात. बोटीत बसायचं नसेल तर भाईंदरला जाऊन, उत्तन आणि गोराई असा वळसा घालून रस्त्याने यायचं. समोर दिसणाऱ्या गावाला जायला अर्धा जिल्हा फिरायचा, हा प्रकार अवजड सामान आणणाऱ्याला चांगलाच ठाऊक आहे. टेम्पोवाला त्या फेरीचा भाव सांगताना आधी सुस्कारा टाकतो आणि मग आकडा टाकतो.

याचा परिणाम असा की मनोरीत वस्तू आणताना माणूस दहादा विचार करतो. मामाकडचा पहिला फ्रीज खाडीतून आला, ओहोटीच्या वेळी आला, आणि बोटीतून धक्क्यावर चढवताना तो धरायला जे लोक धावले त्यांना पुढे वर्षभर त्या फ्रीजमधलं थंड पाणी हक्काने मिळत होतं. अशा रीतीने गावात शिरलेली वस्तू सहसा परत खाडी ओलांडत नाही. ती बिघडली तर दुरुस्त होते, दुरुस्त झाली नाही तर तिच्यात तांदूळ भरतात. इथे माळे गच्च भरलेले असतील असं कोणालाही वाटेल. मामाचा माळा मात्र वर्षातले बरेच महिने अर्धा रिकामा असतो.

मामाचं घर जुनं, कौलारू. पुढे ओटी, आत माजघर आणि माजघरावर लाकडी माळा. भिंतीपासून भिंतीपर्यंत एक जाडजूड तुळई, तिच्यावर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या. वर जायला उभी शिडी आणि फळ्यांमध्ये माणूस जेमतेम शिरेल एवढं चौकोनी तोंड. मामीच्या मते ते तोंड मुद्दाम लहान ठेवलेलं आहे. ज्याला वर जायचंय त्याने आधी आपलं पोट आवरावं.

हा माळा भरतो मे महिन्याच्या अखेरीला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्यांच्यावर ताडपत्र्या आणि झावळ्या चढतात आणि जाळी, दोरखंड, बोये घरात येतात. आमच्याकडे मे महिन्यात पापड-कुरडया होतात, तिकडे एवढं सगळं होतं. डोल जाळं ज्याने पाहिलं नसेल त्याला सांगतो. एका माणसाच्या खांद्यावरून नेता येईल असा तो प्रकार नसतो. खाडीच्या तोंडाशी, ओढीच्या पाण्यात बांधून ठेवायची ही लांबच लांब पिशवी. तिचं तोंड बोटीला गिळेल एवढं आणि शेपटाकडे ती निमुळती होत जाते. भरतीओहोटीचं पाणी आपोआप तिच्यातून जातं आणि बोंबील, जवळा वगैरे मंडळी आत राहतात. हे धूड पावसाळाभर डोक्यावर ठेवायचं म्हणजे काय, ते मामा जाणतो.

म्हणून तो आधी काय करतो, तर काहीच चढवत नाही. जाळं गोड्या पाण्याने धुऊन उन्हात पसरलं जातं आणि चांगलं कडकडीत वाळेपर्यंत त्याला माळ्याचं दर्शन घडत नाही. आता जाळी नायलॉनची आहेत, फारसं पाणी धरून ठेवत नाहीत. पण मामाच्या वडिलांच्या काळी ती सुताची आणि सणाची होती. ती ओली वर गेली तर दुप्पट वजनाने जात, वर कुजत आणि वास सगळ्या घराला पुरत असे. जाळं नायलॉनचं झालं तरी नियम सणाचाच चालू आहे. ‘वललं वर न्यायचं नाय’ हे मामाचं पहिलं कलम. याच कलमाखाली त्याने एकदा आमच्या आईची अर्धवट वाळलेली गादी शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून परत पाठवली होती.

मग मामा रिकाम्या माळ्यावर चढतो आणि बोटाच्या पेराने फळ्या वाजवतो. धडधाकट लाकूड भरीव बोलतं, आतून वाळवीने खाल्लेलं पोकळ बोलतं. कान लावून, मान कलती करून तो एकेका फळीशी असा वेळ घालवतो की खालून मामी विचारते, “काय बोलते ती?” नंतर एक जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन तो कड्यांची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे टोचून बघतो. सगळ्यांचं लक्ष फळीच्या मध्याकडे असतं, पण लाकूड आधी कुजतं ते भिंतीच्या आत. पावसाचं पाणी भिंत पिते आणि कडीचं टोक गुपचूप मऊ होत जातं. स्क्रू ड्रायव्हर आत गेला की सुताराला निरोप जातो. गेला नाही तर मामा त्याच स्क्रू ड्रायव्हरने पाठ खाजवतो आणि माळा पास होतो.

ठेवण्याचंही शास्त्र आहे. दोरखंडांची वेटोळी आणि जाळ्यांचे गठ्ठे भिंतीलगत आणि तुळईच्या डोक्यावर. ते कड्यांना आडवे पसरायचे, म्हणजे वजन एका कडीवर न पडता चार-सहा कड्यांत वाटलं जातं. मधल्या भागात हलकं सामान. बोये तर वाशांनाच टांगलेले. आणि ज्या जागेखाली कोणी झोपतं त्या जागेवर शक्यतो काही जड नाही. ‘वर काय ठेवतंस ते नंतर सांग, खाली कोन झोपतं ते आदी सांग,’ असं मामा विचारतो. लहानपणी सुट्टीत मनोरीला गेलो की आपल्या अंथरुणावर मामा काय टांगतो यावरून मला माझं घरातलं स्थान कळत असे. माझ्यावर नेहमी बोये असायचे. मोठ्या मामेभावावर काही वर्षं दोरखंड होता.

उंदरांचा बंदोबस्त मामीकडे. माशाचा वास राहिलेलं जाळं उंदराला पंगतीचं आमंत्रण असतं, आणि उंदीर जाळ्यातला मासा शोधता शोधता जाळंच खाऊन टाकतो. मग त्या भोकातून ऑगस्टमध्ये खरा मासा निघून जातो. म्हणून पावसाळाभर मधूनमधून गठ्ठे उलटायचे, फाटकं जाळं ओटीवर खाली आणून दुरुस्त करायचं आणि पुन्हा वर. वर काय आहे आणि कोणत्या स्थितीत आहे, हे त्या घरात लहान पोरालाही माहीत असतं.

आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला सगळं खाली. माळा मोकळा. मामी झाडू मारते आणि एका दिवसासाठी तिथे काहीच नसतं. मामाची माळ्याच्या सुरक्षिततेविषयीची सगळी विद्या त्याने मला एका वाक्यात सांगून टाकली आहे: “काय चडवायचं ते चडव, पन उतरवायची तारीख सांग.”

आता आमच्या मालाडच्या घरात या.

आमचा माळा सिमेंटचा. एक कड भिंतीत, दुसरी हवेत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर अडीच-तीन इंच जाडीची एक फळी बाहेर आली आहे आणि तिला पुढून खालचा कसलाही आधार नाही. अशा फळीवर जड वस्तू भिंतीकडे सरकवून ठेवावी, कडेला ठेवू नये, हे शाळेत तरफ शिकलेल्या कोणालाही सांगता येईल. तेच वजन कडेला आलं की फळीच्या मुळावर पडणारा ताण कितीतरी वाढतो. आणि आपल्याकडे सगळ्यात जड वस्तू नेमकी कडेलाच असते. त्यामागे अज्ञान नाही, त्यामागे दमछाक आहे. स्टुलावर उभं राहून, हात ताणून, ‘धर धर धर’ असं ओरडत जो माणूस ती वस्तू वर चढवतो, त्याची सगळी ताकद ती कडेला टेकेपर्यंत संपलेली असते. आत ढकलायला तो परत कधीच येत नाही. पुढे सनमायका लावलेलं दार बसतं, दार बंद होतं आणि सगळ्यांना वाटतं की वजनही आत गेलं.

स्टूल म्हटलं, पण आमच्याकडे घडीची ॲल्युमिनियमची शिडी आहे. ती माळ्यावर ठेवलेली आहे.

माळ्यावर जे जातं त्याचे मी प्रकार पाडले आहेत. पहिला प्रकार ‘लागेल कधीतरी’. यात जुना मिक्सर, त्याहून जुना मिक्सर, दोन्ही मिक्सरची न जमणारी झाकणं आणि एका पंख्याची तीन पाती येतात. दुसरा प्रकार ‘परत द्यायचंय’. हे सामान ज्यांचं आहे त्यांच्याकडे आपलं सामान आहे, त्यामुळे दोन्ही घरांचे माळे एकमेकांना ओलीस धरून बसलेले असतात. तिसरा प्रकार ‘खोकं’. टीव्ही आला, टीव्ही गेला, टीव्हीचं खोकं आहे. वॉरंटीत लागेल म्हणून ते ठेवलं होतं. वॉरंटी संपली, कंपनीने ते मॉडेल बंद केलं, पण खोक्याचा भरवसा ढळला नाही.

चौथ्या प्रकारात थर्माकोलचं मखर येतं. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आणली. त्या दिवसापासून आमचं मखर कायद्याच्या विचित्र कात्रीत सापडलं आहे. ते लावता येत नाही आणि वडिलांनी तीन रात्री जागून कापलेली ती कमान टाकताही येत नाही. पूर्ण माळ्यातली सगळ्यात हलकी वस्तू तीच आणि सगळ्यात जास्त जागाही तिचीच. तिला जागा करून द्यायला मागच्या सगळ्या जड वस्तू पुढे सरकवल्या आहेत.

आणि पाचवा प्रकार सगळ्यात वजनदार. तो म्हणजे ‘आजीचं’. यात पाटा-वरवंटा, जातं, पितळी पिंप आणि तांब्याचा बंब. इथे मला आपल्या समाजाची एक गंमत वाटते. पाटा आणि जातं या वस्तू घडवणाऱ्याने त्या जमिनीवर ठेवण्यासाठी घडवल्या. त्यांच्यापुढे बसून काम करायचं, उभं राहून नाही. दोनशे वर्षांत त्यांना कोणी गुडघ्याच्या वर उचललं नाही. मिक्सर आला, त्यांची नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर आपण त्यांना थेट डोक्यावर बसवलं. हिशोब करायचा झाला तर दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि तीन इंच जाड काळ्या पाषाणाचा पाटा तीस किलोच्या घरात जातो. जात्याच्या दोन तळ्या याहून वेगळ्या. बरं, हा पाटा खाली असताना आजी रोज त्याच्यावर चटणी वाटायची, तेव्हा कोणाला त्याच्याविषयी माया नव्हती. वर गेल्यावर तो वारसा झाला.

बांधकामाचं भारतीय मानक ८७५ नावाचं एक पुस्तक आहे. त्याच्या १९८७ च्या दुसऱ्या भागात कुठल्या जमिनीने किती भार पेलायला हवा याचे आकडे आहेत. राहत्या घरातल्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून आखायची. ग्रंथालयात पुस्तकांच्या घोड्यांखालची जमीन मात्र ६०० किलोपासून पुढे, म्हणजे तिप्पट. सरकारी मानकांत साहित्याला इतकं वजन दिल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. हे २०० किलो खोलीच्या जमिनीला. ओट्यावर लोंबणाऱ्या फळीला ते तसेच्या तसे लागू करायला कोणता इंजिनिअर धजावेल, हे विचारून बघा. आमच्या माळ्यावर पाटा, जातं, पिंप, बंब हे तर आहेतच, पण त्यांच्या शेजारी मराठी विश्वकोश आहे.

आमची आई मनोरीची आणि वडील वाईचे. ही सोयरीक कशी जुळली हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. वाईला विश्वकोशाचं काम चालायचं. लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते आणि पहिला खंड १९७६ साली निघाला. वडिलांना गावचा अभिमान. खंड निघत गेले तसे ते घेत गेले. पूर्ण विश्वकोश वीस खंडांचा आहे आणि एकेक खंड दोन्ही हातांनी उचलावा असा. सुरुवातीचे खंड कपाटात होते. मग कपाटात माझी शाळेची पुस्तकं आली आणि जगातलं समस्त ज्ञान ओट्यावर, फोडणीच्या वाफेत जाऊन बसलं. अ ते औ या अक्षरांना आता लसणाचा वास येतो.

जड वस्तू उंचावर कशी ठेवावी याचा उत्तम नमुना खरं तर वडिलांच्याच गावाशेजारी आहे. मनोरी ज्या बेटावर आहे ते जुनं धारावी बेट. वसईच्या मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी हे बेट घेतलं, मग वसई घेतली. चिमाजी अप्पांच्या त्या विजयानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या भल्यामोठ्या घंटा देशावर गेल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळावर एक आहे आणि वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर एक आहे. म्हणजे आईच्या माहेरच्या अंगणातून निघालेलं ओझं घाट चढून थेट वडिलांच्या गावी पोहोचलं. वडील याला आहेर म्हणतात. मामा याला लूट म्हणतो. दिवाळीत या विषयावर आमच्याकडे फराळ लांबतो.

पण मुद्दा निराळा आहे. मेणवलीची ती घंटा टांगायला कोणी नानांच्या वाड्याच्या माळ्यावर जागा शोधली नाही. तिच्यासाठी काळ्या दगडाची, कमानींची स्वतंत्र इमारत उभी केली आणि मग ती टांगली. आधी भार मोजला, मग आधार केला. तेव्हापासून ती तिथेच लटकते आहे आणि खालून पर्यटक निर्धास्त फोटो काढतात. आपण आधी वस्तू चढवतो, दार लावतो आणि आधाराचा विचार प्लास्टर पडल्यावर करतो.

प्लास्टर पडतं, हे ओघाने आलंच. मनोरी काय, मार्वे काय, मालाड काय, समुद्राची खारी हवा सगळीकडे फिरते. स्वयंपाकघरात वरून वाफ, न्हाणीघरावरच्या माळ्यात ओल. ओल सिमेंटमधून सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजते आणि गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतं. आतून ते फुगतं, बाहेरचं काँक्रीट फोडतं आणि मग एके दिवशी भाजीत पोपडा पडतो. पहिला पोपडा पडला की तो चुना आहे असं ठरतं. दुसरा पडला की वरच्या मजल्यावरच्यांशी भांडण होतं. तिसऱ्यानंतर तांबडी सळई डोळ्यांना दिसायला लागते, तेव्हा कोणीतरी रंगाचा डबा आणतं.

मग येतो गवंडी. खालून हातोडीच्या दांड्याने ठकठक करतो. मामासारखंच वाजवतो, पण ऐकत नाही. “काय होत नाय साहेब, अजून वीस वर्षं बघायला नको.” वीस वर्षं बघायला नको हे वाक्य आपण सगळे धीराचं समजतो. शब्दशः घेतलं तर त्यात धोक्याची सूचना आहे.

तीस वर्षांहून जुन्या इमारतींचं संरचनात्मक परीक्षण मुंबईत सक्तीचं आहे. आमच्या सोसायटीतही ते झालं. परीक्षण करणारे गृहस्थ हातात पॅड घेऊन घरोघर हिंडले आणि प्रत्येक घरात त्यांनी विचारलं, “माळ्यावर काय आहे?” सगळ्या घरांतून एकच उत्तर आलं: “काही नाही हो, किरकोळ.” आमच्या मजल्यावरच्या किरकोळात एक शिलाई मशीन, एक हार्मोनियम, दळणाची एक घरगुती चक्की आणि कोणाच्या तरी दुकानातून उरलेल्या टाइल्स आहेत हे मला ठाऊक आहे. गृहस्थांनी वर बघितलं, दार बंद होतं, त्यांनी ‘किरकोळ’ असं लिहून घेतलं आणि पुढच्या घराची घंटा वाजवली. त्यांच्याकडे शिडी नव्हती. आमची वर होती.

माळ्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांत तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं. त्या रात्री ज्यांची कागदपत्रं माळ्यावर होती त्यांची शिधापत्रिका, दहावीचे दाखले आणि लग्नाचे अल्बम वाचले. ज्यांची खालच्या कपाटात होती त्यांनी पुढचे कित्येक आठवडे दोरीवर कागद वाळत घातले. तेव्हापासून माळ्यावरची श्रद्धा वाढली, यात गैर काही नाही. गैर एवढंच झालं की कागदपत्रांची एक पिशवी वर गेली आणि तिला सोबत म्हणून बाकीचं घर गेलं. कागदपत्रं किलोभर असतात. शिधापत्रिकेला वाचवायला जात्याची गरज नसते.

गेल्या दिवाळीत आईने साफसफाईचा घाट घातला आणि मामाला बोलावलं. मामा खाडी ओलांडून आला. येताना त्याने सुके बोंबील आणि स्क्रू ड्रायव्हर आणला. शेजारून शिडी आणून आम्ही आमची शिडी खाली काढली. मामा वर चढला, दार सरकवलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग एकेक वस्तू बाहेर काढत त्याने तोच प्रश्न विचारायला सुरुवात केली.

“हा बंब. कवा उतरवायचा?”

“असू दे रे. जुना आहे.” आई म्हणाली.

“जुना हाय ते वय झालं बाय. तारीख सांग.”

आईकडे तारीख नव्हती. मिक्सरांना नव्हती, पात्यांना नव्हती, खोक्याला तर कधीच नव्हती. मखराला पूर्वी होती, दर वर्षी भाद्रपदात ते उतरायचं. सरकारने तिच्यावरही बोळा फिरवला. ज्याची तारीख सांगता येत नाही ते मामा खाली देत गेला आणि मी ते घेत गेलो. पितळी पिंप दाराजवळ आलं, त्यात आता छत्र्या ठेवतो. टाइल्सवाल्यांच्या टाइल्स त्यांना आणि त्यांच्याकडची आमची परात आम्हाला, अशी ओलिसांची अदलाबदल सन्मानाने पार पडली. खोकी भंगारवाल्याने नेली. वजन करताना त्याने नाक मुरडलं. पाटा मामाने स्वतः खाली आणला, जमिनीवर टेकवला आणि म्हणाला, “हा हितंच बसनार.” आई त्याच्यावर आता अधूनमधून चटणी वाटते. ती मिक्सरपेक्षा चांगली होते की आम्हाला तसं म्हणावंच लागतं, हे अजून ठरलेलं नाही.

शेवटी विश्वकोश राहिला. भिंतीलगत, ओळीने, लसणाच्या वासासकट. मामाने एक खंड हातात तोलून बघितला. त्याच्या चेहऱ्यावर आदर होता, पण तो वजनाविषयी होता.

“भावोजी, याची तारीख?”

इथे मात्र वडील तयार होते. त्यांनी पहिल्याच खंडाच्या आतल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं वाचून दाखवलं: ‘निवृत्तीनंतर सावकाश वाचणे’. सगळ्या माळ्यावर तारीख असलेली ही एकमेव वस्तू निघाली. मामालाही मान डोलवावी लागली.

“मंग भावोजी, तुमी रिटायर होऊन किती वर्सं जाली?”

वडिलांनी चष्मा पुसला. मी मध्येच म्हणालो की अख्खा विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट आहे, फोनवर वाचता येतो, त्याचं वजन शून्य. वडिलांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि फळीकडे बोट दाखवून मामाला म्हणाले, “उतरवू. पण एकेक खंड, वर्षाला एक. इतकी वर्षं ती फळी या भाराला सरावली आहे. एकदम सगळं काढलं तर तिचा तोल जायचा.”

मामाने स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला आणि चहा मागितला.